अक्का, रुचिराला घर देऊ नकोस

नवीन पनवेल,
रविवार, दुपारचं जेवण झाल्यावर

तीर्थस्वरूप अक्का,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द पत्रात लिहायला सोपा. प्रत्यक्षात हल्ली माझी आठही अंगं एका वेळी जमिनीला टेकत नाहीत, आणि टेकलीच तर उठवायला रमाला बोलवावं लागतं.) तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून बरं वाटलं. अक्षर तर पूर्वीपेक्षाही वळणदार झालंय. पण आता तुला माझ्या शुद्धलेखनाच्या चुका जास्तच स्पष्ट दिसणार, या धास्तीने हे पत्र मी आधी कच्चं लिहून मग उतरवून काढतोय. हेडमास्तरीण बहीण असणं ही काय चीज आहे ते माझ्यासारख्यालाच माहीत. इकडे रमा ठीक आहे, तिची पाठ मात्र दुखते. रुचिराही ठीक आहे. माझी प्रकृती उत्तम आहे, फक्त वेळ फार उरतो. फोनच केला असता, पण आमच्या घरात फोनवर बोललेलं भिंतींनाही ऐकू जातं आणि मला जे सांगायचंय ते फक्त तुझ्यापुरतं आहे.

तू विचारलं आहेस की रोह्याच्या प्लॉटवर आता घर बांधायचं मनात आहे, आपली रुचिरा आर्किटेक्ट आहे, तिचं ऑफिस म्हणे चांगलं वाढलंय, तर काम तिलाच द्यावं का? आणि वर लिहिलं आहेस, 'अविनाश, तू आतला माणूस आहेस, खरं काय ते लिही.' अक्का, खरं तेच लिहितो. देऊ नकोस. आणि मी आतला माणूस आहे हा तुझा समज आधी दुरुस्त करतो. मी आता आतला नाही. गेले काही आठवडे मी ऑफिसात जात नाही. मी ते सोडलं आहे. (रमा म्हणते, मला सोडायला लावलं. बायकांना शब्दांचा कीस पाडायची सवय असते.) परत बोलावलं तर मी जाईन का, असं तू विचारशील. पण हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण अजून कोणी बोलावलेलं नाही. तेव्हा पुढे जे लिहितोय ते अगदी तटस्थपणे लिहितोय हे ध्यानात ठेव.

हे ऑफिस सुरू झालं ते आमच्या गॅलरीत. तिथे रमाचं कपडे वाळत घालायचं स्टँड असायचं. स्टँडच्या एका बाजूला टेबल, दुसऱ्या बाजूला टॉवेल. पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा टॉवेल काढायला सवड मिळाली नाही, आणि ते गृहस्थ बिचारे ओला टॉवेल हाताने बाजूला सारून सारून बंगल्याबद्दल बोलत होते. दारावर पाटी होती 'रुचिरा अँड असोसिएट्स'. असोसिएट्स कोण, असं कोणी विचारलं की मी पुढे व्हायचो. (अनेकवचन रमाला धरून होतं.) वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर माणसाला घरात कोणी विचारत नाही, पण मला गिऱ्हाइकं विचारायची. फोन मी घ्यायचो. रुचिरा आंघोळीला गेलेली असली तरी मी भारदस्त आवाजात 'मॅडम साइटवर आहेत' असं सांगायचो आणि आतून बादलीचा आवाज आला तर खोकायचो. मग सायमा आली. सायमा तिची कॉलेजातली मैत्रीण, पनवेलचीच. वडिलांचं बाजारात हार्डवेअरचं दुकान. ती भागीदार झाली आणि ऑफिसात शिस्त, पावतीपुस्तक आणि खिम्याचे समोसे एकाच दिवशी आले. शिस्तीचं मला काही वाटलं नाही, पण समोशांमुळे मी तिला आजतागायत नावं ठेवलेली नाहीत.

आता ऑफिस टाइल्सच्या दुकानावर आहे, दोन मजले भरून. माणसं इतकी वाढली आहेत की काहींची नावं मला अजून नीट ठाऊक नाहीत. एक मुलगा फक्त झाडांसाठी ठेवला आहे. झाडं लावायला नाही, चित्रात काढायला. अनुष्का नावाची एक गोड मुलगी आहे, ती चित्रातल्या घरात माणसं बसवते. सगळी माणसं सडपातळ, हातात कॉफीचा कप, नजर लांब कुठेतरी. मी तिला म्हटलं, अगं, एखाद्याला बनियनवर पाय वर घेऊन बसव, पनवेलचं घर आहे ना हे? ती हसली आणि म्हणाली, काका, तुम्ही फार क्यूट आहात. इथे खोलीला कोणी खोली म्हणत नाही, स्पेस म्हणतात. व्हरांडा म्हणजे ट्रान्झिशन. अडगळीच्या खोलीला काय म्हणतात ते मला कळलं नाही, कारण ती कोणी काढतच नाही, आणि मग घर झाल्यावर सहा महिन्यांनी लोक तेवढ्यासाठी परत येतात. खुर्च्यांना पाठ नाही. चहासाठी मशीन आलं, त्यामुळे माझं एक खातं गेलं. सगळ्यांची कार्डं छापली तेव्हा माझ्या कार्डावर नावाखाली 'कम्युनिटी इंटरफेस' असं छापून आलं. रमाने अर्थ विचारला. मी म्हटलं, ज्याला काढता येत नाही कारण तो मालकिणीचा बाप आहे, त्याला असं म्हणतात. तेव्हा मी विनोद केला होता.

आता यांची काम करायची पद्धत सांगतो, म्हणजे तू सावध होशील. हे लोक आधी कागद काढतच नाहीत. रुचिराचं म्हणणं असं की कागदावरच्या नकाशाला सगळे माना डोलावतात, आणि घर उभं राहिलं की बाई विचारते मिक्सर कुठे ठेवू. म्हणून आधी प्रश्न. तोही किती खोल्या हव्यात असा साधा नाही. तुमच्याकडे जेवायला एरवी किती माणसं असतात, आणि न सांगता किती येतात? (पैसेवाली माणसं या प्रश्नाला हमखास खोटं बोलतात.) मग ऑफिसातलं कोणीतरी एक दिवस त्यांच्या जुन्या घरी राहून येतं. कोण कुठे बसून पेपर वाचतं, कोणाच्या चपला कुठे पडतात, भांडण झाल्यावर कोण कुठे जाऊन बसतं, हे सगळं बघून येतं. आणि मग, अक्का, प्लॉटवर खऱ्या मापाने अख्खं घर आखतात. पांढऱ्या फक्कीने, कबड्डीच्या मैदानासारखं. भिंत म्हणजे एक पट्टा, दार म्हणजे पट्ट्यातली मोकळी जागा, ओटा, पलंग, देव्हारा, सगळं जमिनीवर. आणि त्या घरात गिऱ्हाइकाच्या कुटुंबाने पूर्ण एक दिवस राहायचं. स्वयंपाक करायचा, जेवायचं, दुपारी आडवं व्हायचं. घर डोळ्यांना कळत नाही, पायांना कळतं, असं आपली रुचिरा सभांमधून सांगते आणि लोक टाळ्या वाजवतात.

ती फक्की मारायचं काम माझं होतं. सूत ताणायचं, गुण्या लावून कोपरा काटकोनात आहे ना ते बघायचं, आणि डब्याला भोकं पाडून त्यातून फक्की सोडत उलटं उलटं चालत जायचं. हे मी कोणाकडून शिकलो नाही, हाताला आपोआप आलं. माझी रेघ सरळ येते, हे सायमाचे वडीलसुद्धा मान्य करतात आणि ते सहसा काही मान्य करत नाहीत. सकाळी आम्ही दोघं, रुचिरा आणि मी, स्कूटरवरून निघायचो. मागे फक्कीची गोणी, तिच्यावर मी. वाटेत ती मला विचारायची, बाबा, आज कोपऱ्यातून सुरुवात करायची की दारापासून? अक्का, त्या मुलीने कॉलेजात गेल्यापासून मला काही विचारलं नव्हतं.

गमतीही व्हायच्या. सायमाचे एक नातेवाईक शकीलभाई कुवेतला असतात, त्यांना उरणच्या बाजूला घर बांधायचं होतं. ते स्वतः येऊ शकत नव्हते, म्हणून त्यांच्या पत्नी खतीजाभाभी मोबाइलवर त्यांना घरभर फिरवत होत्या. भाभी हॉलमधून सरळ मोरीत शिरल्या की तिकडून शकीलभाई ओरडायचे, 'अरे, दरवाज़े से आओ ना, दीवार टूटेगी!' भाभीही मग मागे फिरून दारातून जायच्या आणि वर त्यांनाच सुनावायच्या, 'तुमची भिंतच आधी चुकीच्या जागी आहे.' तेवढ्यावरून न्हाणीघर सरकलं, आणि ते सरकलं ते बरंच झालं. तर पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाही. तू मात्र तिच्या नादी लागू नकोस.

आता मुख्य प्रकरण. विचुंबे गावात काळूराम म्हणून एक गृहस्थ आहेत. जुनं घर पाडलेलं, भाड्याच्या खोलीत राहतात आणि जुन्याच जागी दुमजली घर बांधायचं आहे. घरात आई भीमाबाई, काळूराम, त्यांचा धाकटा भाऊ आणि दोघांची बायकापोरं. रुचिरा त्यांच्याकडे एक दिवस राहून आली होती, नकाशा उत्तम बसला होता. वरचा मजला अर्थातच हवेत आखता येत नाही, म्हणून तो आम्ही नेहमी शेजारच्या मोकळ्या जागेत आखतो. खालच्या घरातल्या जिन्याच्या आडव्या पट्ट्यांवरून चालत जायचं, मधली पायवाट ओलांडायची, की आपण वरच्या मजल्यावर. लोकांना हे लगेच कळतं. भीमाबाईंना तर इतकं कळलं की पट्ट्या आल्या की त्या गुडघ्यावर हात ठेवून चढायच्या आणि पायवाटेपाशी दम खायला थांबायच्या. सपाट जमिनीवर. चपला उंबऱ्याच्या पट्ट्याबाहेर काढायच्या. धाकट्या सुनेने एकदा घाईत भिंत ओलांडली तर म्हणाल्या, 'भितीतनं काय जातंस गो? दार कशाला केलाय मंग?' एक शेळी न्हाणीघरात शिरली, तर तिलासुद्धा त्यांनी दारातूनच बाहेर काढलं. अशी अदब मी आमच्या सोसायटीतल्या पक्क्या भिंतींच्या वाट्यालाही आलेली पाहिली नाही.

कुटुंबाचा राहायचा दिवस ठरला, आणि नेमकं त्याच्या आदल्या दिवशी रुचिराला आणि सायमाला पुण्याला बोलावलं. कसलीशी आर्किटेक्ट लोकांची सभा होती. यांची पद्धत आता मोठी झाली आहे ना, तिच्यावर व्याख्यान. जाताना रुचिरा मला म्हणाली, 'बाबा, पुसट रेषा पुन्हा मारून झाल्या की कोणाला हात लावू देऊ नका.' मी म्हटलं, मी असताना कोण हात लावतंय? आणि अक्का, ते अक्षरशः खरं ठरलं. मी कोणालाही हात लावू दिला नाही. जे केलं ते मीच केलं.

झालं असं. रेषा पुन्हा मारून मी ओट्याच्या जागी जरा टेकलो होतो, तर थोरली सून चहा घेऊन आली. चांगला, आलं घातलेला. म्हणाली, काका, इतक्याशा सैपाकघरात मासे तळायचे तं तेल पोरांच्या अंगावर उडंल. बघितलं तर खरंच होतं. फक्की पायाने पुसता येते, आणि डबा हातात होताच. मी भिंत दोन हात सरकवली. ती गेली आणि धाकटी आली, वाटीत गरम भजी घेऊन. तिच्या खोलीत कपाट ठेवलं तर दार उघडत नव्हतं. आता एकीचं ऐकलं आणि दुसरीचं नाही, असं कसं करणार? उद्या त्या दोघी एका घरात नांदायच्या आहेत. मी तिचीही भिंत सरकवली. काळूरामांना ओटीवर भजनी मंडळी बसवायची होती. ती पन्नास माणसं मला डोळ्यांपुढे दिसली. (भजी अजून तोंडात होती.) शेवटी भीमाबाई स्वतः आल्या. त्यांनी काही मागितलं नाही. देव्हाऱ्याच्या चौकटीकडे बघत नुसत्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'जुन्या घरान देव ऐसपैस होतं.' एवढंच. तुझ्यासमोर खरं सांगतो, मागितलेलं मी एखाद वेळी नाकारलं असतं, पण न मागितलेलं कसं नाकारायचं?

आता जागा काही आकाशातून पडत नाही. एकाला द्यायची तर दुसऱ्याची घ्यावी लागते, आणि कोणाची घेणार? म्हणून मी प्रत्येक वेळी जिथे कोणीच उभं नव्हतं, जिच्याबद्दल कोणीच बोलत नव्हतं, अशा मधल्या एका अरुंद पट्टीतून थोडं थोडं घेत गेलो. शेवटी ती पट्टी इतकी उरली की ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून पुसून टाकली. त्या पट्टीत आडव्या रेघा होत्या, हे मला दिसलं होतं. पण कामाच्या भरात त्या रेघा कशाच्या, हे काही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुटुंब राहायला आलं आणि काय दिवस गेला म्हणून सांगू! थोरलीने बोंबील तळले, धाकटीने खोलीत सतरंजी टाकून दुपारी झोप काढली, काळूरामांनी भजनी मंडळी आणली आणि ती सगळी ओटीत मावली. एक पार्सलवाला आला तो बिचारा दाराच्या जागेबाहेर उभा राहून 'आहे का घरात कोणी?' असं विचारत होता, समोर पंधरा माणसं जेवत असताना. माझं तर कौतुक चाललं होतं. असं घर नाय बगितलं, काकांचा हात लय चांगला हाय. भीमाबाई दिवसभरात वरच्या मजल्यावर दोनदा जाऊन आल्या आणि मला म्हणाल्या, 'आज वर जाताना गुडगं नाय दुखलं. जिना झ्याक केलास.' मी नम्रपणे म्हटलं, आपण काय, जमेल तसं करतो.

तेवढ्यात रुचिरा आणि सायमा पुण्याहून थेट तिथेच आल्या, आणि एकट्या नाही, कॉलेजातल्या त्यांच्या जुन्या सरांना घेऊन. त्या सरांना ही पद्धत प्रत्यक्ष बघायची होती. सर पिकलेल्या केसांचे, अतिशय सभ्य. त्यांनी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, घरभर हिंडले, बोंबील खाल्ले, भजन ऐकलं, आणि मग शेजारच्या आखणीकडे बोट करून विचारलं, 'हा वरचा मजला ना? मग वर जायचं कुठून?' सगळ्यांनी एकदम बोटं दाखवली, प्रत्येकाने वेगळीकडे. थोरलीने दाखवलं तिथे देव होते, धाकटीने दाखवलं तिथे थोरलीची चूल होती. आम्ही सगळे दिवसभर पायवाट ओलांडून नुसते इकडून तिकडे जात होतो, अक्का, आणि एवढ्या माणसांत एकालाही जिना आठवला नव्हता. रुचिरा ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पिशवीतून टेप काढली आणि माझ्याकडे न बघता मोजायला लागली.

पुढचे दिवस वाईट गेले. दिलेली जागा परत द्यायला कोणी तयार होईना. काकांनी दिलंय, असं म्हणून प्रत्येकजण आपापल्या पट्ट्यात उभा राहायचा. दोघी सुना एकमेकींशी बोलेनाशा झाल्या, कारण प्रत्येकीला वाटायचं की जिना हिच्यामुळे गेला. काळूराम तर म्हणाले, मॅडम, जिना बाहेरनं लोखंडी टाका, नायतर आमी दुसरा माणूस बघतो. काम हातचं जायची वेळ आली. सायमा मला इतकंच म्हणाली, 'अंकल, तुमचं मन मोठं आहे, पण प्लॉट तेवढाच आहे.' शेवटी रुचिराने काय केलं, तर फक्कीची गोणी आणि एक झाडू त्यांच्या अंगणात ठेवला आणि सांगितलं, आम्ही निघालो, तुमच्या रेषा तुम्हीच ठरवा. दोन दिवस तिथे काय भांडण झालं ते विचुंबेभर ऐकू गेलं. मग एका सकाळी भीमाबाई उठल्या, देवांना हात जोडले आणि वाढवलेल्या देव्हाऱ्याचा पट्टा आपल्याच पायाने पुसला. बाकीचे बघत राहिले. पाठोपाठ थोरली आली, मग धाकटी, मग खाली मान घालून काळूराम. जिना परत आला. थोरलीची चूल खिडकीच्या बाजूला गेली, ते तर कोणालाच आधी सुचलं नव्हतं. भीमाबाईंची खोली खालीच ठेवली. बांधकाम चालू आहे आणि सगळे बोलतात एकमेकांशी.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण वाढणारं ऑफिस आहे ते, तिथे काहीही वाया जात नाही. आता यांनी नियमच केला आहे की प्रत्येक घराच्या आखणीच्या शेवटच्या संध्याकाळी फक्की गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची आणि ऑफिसातल्या माणसांनी निघून जायचं. त्याला इंग्रजी नाव दिलंय, त्यावर अनुष्काने एक सुंदर पान बनवलंय, ते वेबसाइटवर आहे, आणि त्या पुण्याच्या सरांनी त्यावर लेख लिहिलाय. पानावर फोटो आहे. पांढरी रेषा, तिच्या शेजारी फक्कीचा डबा आणि दोन पाय. ते पाय माझे आहेत, अक्का. चपलेचा अंगठा शिवलेला आहे त्यावरून कोणीही ओळखेल. गुडघ्याच्या वर काही नाही. ज्या माणसामुळे ही सगळी पद्धत जन्माला आली तो चपलेपुरता उरला, आणि त्याला सांगण्यात आलं, 'बाबा, थोडे दिवस आराम करा.'

तर मी आराम करतोय. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. सकाळी स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला की मी उगाचच नळ सोडतो. रात्री जेवताना ती सगळं बोलते, भाजी, शेजारी, तुझं ऑपरेशन, फक्त कामाचं एक अक्षर काढत नाही, आणि मीही विचारत नाही. वेळ जावा म्हणून मी सोसायटीच्या पार्किंगच्या पुसट झालेल्या रेषा नव्याने मारून दिल्या, फुकट. त्यावरही तक्रारी आल्या. (तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले होते, माझी गाडी जरा मोठी आहे. मग मी काय करणार?)

तेव्हा सगळ्याचा विचार करून माझा सल्ला असा, की तू आपला रोह्यातलाच एखादा साधा माणूस बघ. तो नकाशा काढेल, तू सही करशील, घर होईल. जेवायला किती माणसं येतात, असं तुला कोणी विचारणार नाही, आणि मुख्य म्हणजे तुझ्या घराच्या निमित्ताने आमच्या घरात पुन्हा हा विषय निघणार नाही. डोळ्यांत थेंब वेळेवर घाल. ऊन लागू देऊ नकोस. रमाचा नमस्कार, आणि रुचिराचाही, तिला न विचारता, लिहितो.

तुझा धाकटा भाऊ,
अविनाश

ता. क. हे पत्र लिहून झालं तेवढ्यात रुचिरा बाहेरून आली. कोणाला पत्र, म्हणाली. मी म्हटलं, अक्काला, सहज. ती पाणी पिता पिता म्हणाली, 'आत्याकडे न सांगता येणाऱ्यांत जुन्या विद्यार्थिनीच जास्त असतील, नाही का?' म्हणजे तिने तुझं घर मनात घेतलंच आहे. ही सवय मला माहीत आहे. आता तिला नाही म्हणणं बरं दिसणार नाही, आणि खरं सांगायचं तर पनवेलपासून रोह्यापर्यंत तिच्या तोडीचं काम दुसरं कोणी करत नाही. तेव्हा वरचा सल्ला मागे घेतो. काम तिलाच दे.

ता. क. दुसरा. देशील तेव्हा एकच अट घाल. म्हणावं, माझ्या घराच्या रेषा माझ्या भावाखेरीज दुसऱ्या कोणाच्या हातून मारून घेणार नाही. तू हेडमास्तरीण आहेस, तुझं कोणी मोडत नाही. मी लिहिलं म्हणून सांगू नकोस. तुझ्या प्लॉटवर मी कोणाचंही ऐकणार नाही, तुझंसुद्धा नाही, अशी लेखी हमी देतो. हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाक.

वन्सं, नमस्कार. हे पाकीट आणायला खाली गेलेत तेवढ्यात चार ओळी लिहिते. यांनी वर काय लिहिलंय ते मी वाचलं नाही, पण गेला तासभर एकीकडे लिहीत एकीकडे डोळे पुसत होते, त्यावरून अंदाज आला. रोज सकाळी चपला घालून दाराशी बसतात आणि स्कूटर गेली की काढतात. त्यांना कामाला लावा, माझी पाठ मोकळी होईल. — रमा

आत्या, पत्र टाकायला बाबांनी माझ्याकडेच दिलं, आणि पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. सगळं वाचलं. तुझ्या घराच्या रेषा तेच मारतील, हे मी केव्हाच ठरवलं होतं, फक्त कसं म्हणू ते कळत नव्हतं. तू हे पत्र मिळाल्यावर मला फोन कर आणि चांगली जोरात भांड. मी आधी नाहीच म्हणेन, तू ऐकू नकोस. ते शेजारीच उभे असतील. — रुचिरा